गंधक जातो कुठे?

काकींचा फोन आला तेव्हा मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. काकी म्हणजे माझ्या मैत्रिणीची, कुंदाची आई. त्या स्वतःहून कधी फोन करत नाहीत. फोन दुसऱ्याने कानाला लावायचा आणि आपण लांबून ओरडायचं, अशी त्यांची समजूत. त्या दिवशी मात्र आवाज अगदी जवळून आला. "नीला, ये," एवढंच म्हणाल्या. फोन बंद कसा करायचा ते त्यांना ठाऊक नसल्यामुळे तो तसाच चालू राहिला. पलीकडे अंगणात कोणीतरी खुर्च्या ओढत होतं, कोणीतरी हलक्या आवाजात "कधी?" असं विचारत होतं... मला काही विचारायची गरजच उरली नाही. पालघरहून रिक्षा करून माकुणसारला पोहोचले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की एक न सोललेली शेंग सबंध वाटभर माझ्या मुठीतच होती.

डॉ. कुंदा राऊत हिला जाऊन आता काही आठवडे झालेत. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात 'खगोलरसायनशास्त्रज्ञ'चं 'भूगोलरसायनशास्त्रज्ञ' झालं होतं. मला रडता रडता हसू आलं. कुंदा असती तर तिने आधी त्या उपसंपादकाला फोन लावून झापलं असतं आणि मग तासभर त्यालाच रसायनशास्त्र शिकवलं असतं. चुकीचं विधान समोरून जाऊ द्यायचं नाही, हा तिचा स्वभावच होता. लग्नाच्या पंगतीत कोणी सहज काहीतरी ताऱ्यांविषयी बोललं तरी ही हातातली जिलबी ताटात ठेवून सुरू व्हायची. या बाईच्या शेजारी बसू नका, उपाशी उठाल, असं मी लोकांना सांगून ठेवलं होतं. मी शाळेतली मराठीची मास्तरीण, सगळं आयुष्य व्याकरणात गेलं. तिचं शास्त्र मला जेवढं कळलं तेवढंच इथे लिहिते आहे. चुकलं असेल तर तिने वरून एखादा दगड भिरकावावा, मला बरंच वाटेल.

तिचं काम थोडक्यात सांगायचं तर ती हरवलेला गंधक शोधत होती. नवा तारा जन्मतो तो वायूच्या आणि धुळीच्या फार मोठ्या, फार थंड ढगात. त्या ढगात कोणतं मूलद्रव्य साधारण किती असावं, याचा अंदाज शास्त्रज्ञांना असतो. गंधकाचा मात्र मेळच बसत नाही. असायला हवा त्या मानाने तो अगदीच कमी दिसतो. मग बाकीचा जातो कुठे? कुंदा आणि तिच्यासारखे इतर म्हणत की तो कुठेही जात नाही. थंडीने धुळीच्या कणांवर बर्फाचा थर बसतो, त्या थरात तो अडकून पडतो आणि तसा अडकलेला गंधक आपल्या दुर्बिणींना सापडत नाही. पुढचा भाग ती फार रंगून सांगायची. जन्मणारा तारा भोवतालचा वायू नुसता गिळत नाही, त्यातला काही दोन्ही बाजूंना भयंकर वेगाने फेकतोसुद्धा. तो झोत समोरच्या शांत वायूवर आदळतो, वायू तापतो, कणांवरचा बर्फ उडतो आणि इतका काळ दडलेला गंधक बाहेर पडतो. आधी कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, मग त्यापासून ऑक्सिजनशी जुळलेली गंधकाची इतर संयुगं. प्रत्येकाची रेडिओलहर वेगळी. कुठली लहर किती जोरात येते आहे यावरून तिथे धक्का नुकता बसला की बसून बराच काळ लोटला, हे ताडायचं, हा तिचा उद्योग. "नुकता म्हणजे किती गं?" असं मी विचारलं की म्हणायची, "काही हजार वर्षं. तुमच्या मराठीत त्याला काय म्हणतात... आत्ताच."

या गंधकाशी तिची गाठ पडली ती बोईसरला. तिचं लहानपण तिथलं. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात होते. तो कारखाना आता राहिलेला नाही, त्याचं नावही मी लिहीत नाही. त्या काळी बाहेरगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावूनच बोईसरला उतरायचा आणि बोईसरकर अगदी मनापासून आश्चर्याने विचारायचे, "कसला वास?" नाकं सरावलेली होती. एका सकाळी कुंदाच्या वडिलांना टाकी साफ करायचं काम होतं. झाकण उघडलं तेव्हा घाण वासाचा लोट आला, म्हणून ते झाकणापाशीच थांबून राहिले. जरा वेळाने बरोबरच्या कामगाराला म्हणाले, "वास गेला रे," आणि आत उतरले. ते परत वर आले नाहीत. वास गेला म्हणजे वायू गेला, असा त्यांचा हिशेब. बोईसरमध्ये तेव्हा सगळ्यांचाच तो हिशेब होता. प्रत्यक्षात त्या वायूची, म्हणजे वर सांगितलेल्या हायड्रोजन सल्फाइडची, खोड अशी की थोडा असला तर नाकाला झोंबतो आणि जास्त असला तर नाकच बधिर करून टाकतो. माणसाला वाटतं, गेला. तो तिथेच असतो.

हे तेव्हा घरात कोणालाच माहीत नव्हतं. कारखान्यातून आलेले साहेब ओटीवर बसून चहा पिता पिता म्हणाले की एवढा वास शुद्धीतल्या माणसाला आल्यावाचून राहत नाही. आदल्या संध्याकाळी नात्यातल्या हळदीला वडील ताडी प्यायले होते. काकींनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यावरून घरी येऊन कडाक्याचं भांडणही झालं होतं. साहेबांचं ते वाक्य काकींच्या मनात जाऊन बसलं आणि तिथून हललं नाही. बोईसरची खोली सोडून त्या मुलीला घेऊन माकुणसारला माहेरी आल्या, भावाच्या वाडीत राबू लागल्या. तिथेच आठवीच्या वर्गात कुंदा माझ्या बाकावर येऊन बसली.

मला त्यांच्या घरातली पहिली गोष्ट खटकली ती व्याकरणाची, आणि मास्तरीण होण्याच्या आधी खटकली. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'हे' म्हणतात, 'ते' म्हणतात, फार तर मुलाचं नाव लावून 'अमक्याचे बाबा' म्हणतात. भांडणात एखादी 'तो' म्हणतही असेल, पण गेलेल्या नवऱ्याला कोणी 'तो' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. काकी म्हणायच्या. "तो गेला त्याच्या ताडीपायी. त्याला मागचं पुढचं काय व्हतं?" हे बोलताना त्या चिडलेल्याही नसायच्या. भाजीत मीठ कमी आहे, इतक्या साधेपणाने बोलायच्या. कुंदा मात्र दरवेळी मान खाली घालायची. मला फार वर्षांनी ती म्हणाली, की आईने बाबांना पुन्हा एकदा 'ते' म्हणावं, एवढंच तिला लहानपणापासून हवं होतं. मोठमोठी बक्षिसं मिळाली, परदेशातून बोलावणी आली, तरी तिची ती एक इच्छा जिथल्या तिथेच होती.

पालघरच्या कॉलेजात शिकत असताना तिला वाचनालयात विषारी वायूंवरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. त्यातलं एक पान तिने मला तिथेच मोठ्याने वाचून दाखवलं, ग्रंथपाल हातवारे करत राहिले. मग पुस्तक छातीशी धरून ती घरी निघाली आणि मीही तिच्यामागे. काकी ओटीवर विड्याची पानं रचत बसल्या होत्या. कुंदाने धापा टाकत सगळं सांगितलं. वायू जास्त झाला की नाक बधिर होतं, वास आहे तसा असतो पण कळत नाही, बाबांचा काही दोष नव्हता, इथे छापलंय बघ. काकींनी पानं रचायचं थांबवलं नाही. "वास हाय पन येत नाय? असा वास अस्तो का कुठं?" मग म्हणाल्या, "त्या पुस्तकात ताडी लिवलीय का?" आईने तो ग्लास पाहिला होता आणि पुस्तक पाहिलं नव्हतं, हा सरळ मामला होता.

पुढे ती शिकत गेली, लांब लांब गेली. एका उजाड, उंच पठारावरच्या रेडिओ दुर्बिणींनी टिपलेले संकेत घेऊन महिनोन् महिने बसायची. एकदा मी धीर करून तिला विचारलं, "हा सगळा गंधकाचा नाद तू बाबांसाठी घेतलास का?" ती इतकी भडकली की मला वाटलं आता हिचं माझं बोलणं बंद. "माझ्या कामातून बोधकथा काढू नकोस, नीले. तारे माझ्या बाबांसाठी जन्मत नाहीत. प्रश्न चांगला होता म्हणून मी घेतला." मी कान धरले. आजही हे लिहिताना मी तिचं ऐकते आहे. दडलेला गंधक आणि माणसाच्या मनातलं काहीबाही यांची जोडी जुळवायचा मोह मला होतो, मराठीच्या शिक्षकाला तो होतोच. पण तिला ते आवडलं नसतं, म्हणून आवरते.

काही वर्षांपूर्वी बोईसरच्या एका शाळेच्या सभागृहात कामगारांसाठी तिचं भाषण ठरलं. मराठीत आणि थोडं हिंदीत. त्यासाठी शब्द हवे होते म्हणून सुट्टीत आम्ही दोघी माकुणसारच्या ओटीवर बसलो. झोत वायूवर आदळतो त्या क्रियेला काय म्हणायचं? मी 'आघाततरंग' म्हटलं. ती म्हणाली, "हा शब्द ऐकून माणूस उठून घरी जाईल." 'धक्का' तिला फारच साधा वाटत होता. आमची चांगलीच जुंपली. काकी तिथेच अंगण शिंपत होत्या. त्यांनी बादलीतलं पाणी ओंजळीने धुळीवर मारलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "हबका म्हना की. बसला का धुरळा उडतो." कुंदाने टुणकन उडी मारली. हबका! पाण्याचाही हबका आणि माणूस हबकतो तेही त्यातच. तिने भाषणात तोच शब्द वापरला आणि सांगितलं की हा माझ्या आईचा शब्द आहे. काकी शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला, पण चेहरा खुलला होता हे मी पाहिलं.

भाषण छान झालं. कामगार मंडळी जेवणाचे डबे मांडीवर ठेवून ऐकत होती. शेवटी एक उत्तरेकडचा कामगार उठून म्हणाला, "मैडम, मतलब उधर भी गैस लीक होता है?" सगळे हसले, कुंदाही हसली. म्हणाली, "हाँ भैया, और उधर भोंपू भी नहीं बजता." मग एकदम तिचा आवाज बदलला. "एक बात याद रखना. बदबू आए तो डरो, और बदबू अचानक बंद हो जाए तो और ज़्यादा डरो. भागो. मेरे बाबा नहीं भागे, उनको लगा गैस चला गया." एका म्हाताऱ्या कामगाराने टोपी काढून हातात घेतली. आणि माझ्या शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज आला... काकी उठून बाहेर गेल्या होत्या. मी मागोमाग गेले. त्या चपला शोधत होत्या. "चार मान्सांत त्याची लाज काढली," म्हणाल्या. "लोक आता घरी जाऊन हेच बोलतील का तो पिऊन टाकीत पडला." मी म्हटलं, "काकी, ती नेमकं उलटं सांगत होती." त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय ती काय सांगते. पन मी व्हते ना घरात. मी त्याला सकाळी हाका मारून उठवला. नसता उठवला तर?" इतकी वर्षं मला वाटत होतं की काकींचा राग नवऱ्यावर आहे. त्यातला बराचसा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता.

तिथून आम्ही घिवलीच्या किनाऱ्यावर गेलो. कुंदाला भाषणानंतर समुद्र लागायचा. काकी वाळूत आमच्याकडे पाठ करून बसल्या. चपलेतली वाळू झाडत कुंदा मला म्हणाली, "मी जगातल्या कुठल्याही परिषदेत उभी राहून दाखवून देऊ शकते, की जे सापडत नाही ते नाहीच असं धरून चालू नका. माझ्या आईपुढे माझा पुरावा कमी पडतो." मला त्या वेळी काहीतरी शहाणपणाचं बोलता यायला हवं होतं. मी म्हटलं, "चल, भजी खाऊ." आम्ही भजी खाल्ली. काकींनी घेतली नाहीत.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. आजाराचं नाव लिहून काय करायचं, वाचणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरात ते कोणी ना कोणी ऐकलेलं असतं. मुंबईत उपचार झाले आणि मधल्या मधल्या मोकळ्या आठवड्यांत ती माकुणसारला येऊन राहू लागली. मी शनिवार-रविवार तिथेच असायचे. डोकं रुमालाने बांधलेलं, अंग निम्मं झालेलं, पण मांडीवर लॅपटॉप असायचाच. एकदा मला तिने पडद्यावरचा आलेख दाखवला. लहान पोरांनी चित्रकलेच्या तासाला काढलेली डोंगररांग असावी तसा तो मला दिसला. त्यातल्या एका टेकडीवर बोट ठेवून म्हणाली, "हा सल्फर मोनॉक्साइड. इथे हबका बसलाय." मी विचारलं, "म्हणजे सापडला ना एकदाचा तुझा गंधक?" तिने मान हलवली. "थोडा सापडला. हबका बसलेल्या जागीसुद्धा सगळा नाही निघत बाहेर. बाकीचा कुठल्या रूपात बसलाय ते अजून कोणालाच नीट माहीत नाही. मलाही नाही." हे सांगताना ती जराही निराश नव्हती. मीच झाले, कारण बाकीचा शोधायला ती असणार नाही हे आम्हा दोघींना कळत होतं.

दिवाळी उलटून गेल्यानंतरची एक दुपार. काकी आणि मी मागच्या वाडीत चवळीच्या शेंगा तोडत होतो. कुंदाने हौसेने चहा ठेवते म्हणून सांगितलं होतं. आम्ही परत आलो तर मागच्या दारातच काकी थबकल्या. मलाही पुढच्या पावलाला वास आला. सगळं स्वयंपाकघर गॅसने भरलं होतं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, खटका चालूच होता आणि शेगडीपासून दोन हातांवर, दाराच्या चौकटीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन कुंदा शांत बसली होती. काकींनी शेंगांचा पदर तिथेच सोडला, धावत जाऊन खटका फिरवला, खिडक्या ढकलल्या. मला ओरडल्या, "बटनाला हात लावू नको!" आम्ही दोघींनी कुंदाला धरून अंगणात आणलं. ती आमच्याकडे बघत विचारत होती, "काय झालं? अगं, काय झालं?"

"तुला वास नाय आला?" काकींनी विचारलं.

"कसला?"

हे विचारलं आणि तिचं तिलाच कळलं. उपचार सुरू झाल्यापासून जेवण बेचव लागतं, एवढंच तिला वाटत होतं. नाकाचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि तेही या वासाच्या बाबतीत. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक घाण वासाचं गंधकाचं संयुग घालतात, हे मला तिनेच शिकवलं होतं. त्याच जातीची संयुगं नव्या ताऱ्यांच्या आसपासही सापडली आहेत, हेसुद्धा. ती अंगणातल्या दगडावर बसून राहिली. काकी तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. त्या तिच्या तोंडाकडे असं काही बघत होत्या की मी दोन पावलं मागे सरले.

"इतक्या जवळ बसून... नाय आला?"

"नाही आला, आई."

"तू तर शुद्धीत व्हतीस."

"हो."

चवळीच्या शेंगा दारापासून शेगडीपर्यंत सांडल्या होत्या, वाऱ्याने खिडकीचं दार आपटत होतं. मग काकी हळू आवाजात म्हणाल्या, "मंग त्यांना पन नसंल आला."

त्यांना. मी आयुष्यभर आदरार्थी बहुवचन शिकवलं आहे, मुलांच्या वह्यांत ते लाल शाईने सुधारलं आहे. ते असं कोणी उच्चारलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. कुंदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काकी पुढे सरकून तिच्या पायांवरून हात फिरवू लागल्या आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "नसंल आला... त्यांना पन नसंल आला." मी आत जाऊन शेंगा गोळा करत बसले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

संध्याकाळी आम्ही दोघीच असताना कुंदा म्हणाली, "तुला माहितीय, आईचं अनुमान चुकीचं आहे." मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "अगं खरंच. माझं नाक औषधांनी गेलंय, बाबांचं त्या वायूने. कारणं वेगळी. एकावरून दुसरं सिद्ध होत नाही. निष्कर्ष बरोबर, रीत चूक." "मग सांग जाऊन तिला," मी म्हटलं. कुंदा आत बघत राहिली. काकी आत देव्हाऱ्यापाशी दिवा लावत होत्या. "नाही सांगणार," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं विधान जाऊ देते आहे." आणि मग ती हसली. जिलबी ताटात ठेवणारी माझी ही मैत्रीण एवढ्या एकाच वेळेला जिलबी खाऊन गप्प बसली, आणि त्यासाठी मला ती जितकी आवडली तितकी कधीच आवडली नव्हती. मला तिची फार आठवण येते. हे दुसऱ्या कुठल्या चांगल्या शब्दांत सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

त्यानंतरच्या दिवसांत त्या घरात कुंदाच्या बाबांचा विषय निघू लागला. ते शीळ कशी घालायचे, त्यांना सुकट किती आवडायची, बोईसरच्या खोलीत पहिला पंखा आणला तेव्हा ते रात्रभर कसे त्याच्याखाली जागे राहिले... काकी सांगायच्या आणि कुंदा पहिल्यांदाच ऐकायची. आणखी एक गोष्ट सुरू झाली. कुंदाला वास येत नाही हे पक्कं झाल्यावर काकी तिला घरातले वास मोठ्याने सांगायला लागल्या. चुलीपाशी उभ्या राहून, आतूनच. "कुंदे, लसून टाकला तेलात... आता खोबरं भाजतंय... आता सुकट." कुंदा ओटीवर डोळे मिटून पडलेली असायची. "कसा वास आहे?" ती विचारायची. "सुकटीचा वास सुकटीवानी," काकी म्हणायच्या. "आई, ही व्याख्या नाही झाली." मग काकी तिथेच विचार करत उभ्या राहायच्या आणि बरंच थांबून काहीतरी भलतंच सांगायच्या, जाळं वाळत घातल्यावानी, नाहीतर मांडवात पान्याचा हंडा ठेवल्यावानी. कुंदा ते चवीने ऐकायची. शेवटच्या आठवड्यात तिला बोलवत नव्हतं, तरी वास सांगून झाला की ती बोट हलवायची, म्हणजे कळलं.

परवा मी माकुणसारला गेले. काकी स्वयंपाकघरात होत्या, मी ओटीवर कुंदाच्या जागी बसले. तिचा लॅपटॉप तिच्या सहकाऱ्यांनी नेला आहे, बाकीचा गंधक आता ते शोधतील. तेवढ्यात आतून आवाज आला, "तांदूळ भाजते हाय... जरा करपला गं एका बाजूनं." त्यांना एकटं वाटू नये म्हणून मी इथूनच म्हटलं, "हो काकी, येतोय वास."

आतला झारा थांबला. मग काकी शांतपणे म्हणाल्या, "तुला नाय सांगत गो. तुला नाक हाय. मी त्या दोघांना सांगते."